सावंतवाडी ते जुने गोवे, पायी

ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला असते आणि त्याआधीच्या नोव्हेनात, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या काळात, गोव्याच्या सीमेपलीकडूनही भाविक पायी जुन्या गोव्याकडे निघतात. आमचा छोटा गट सावंतवाडीहून निघाला आणि बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा असा महामार्ग धरून चालत राहिला. त्या टप्प्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. मालट्रकांचे दिवे, डांबराची धग आणि रोजरीची माळ, इतकेच.

निघताना फादरांनी लूकच्या शुभवर्तमानातला तो भाग वाचला, जिथे येशू शिष्यांना वाटेसाठी काठी, झोळी, भाकर, पैसा काहीच घेऊ नका असे सांगतो. आमच्या मागून सामानाचा टेम्पो येत होता, त्यामुळे आम्ही ते वचन पाळले असे म्हणणे ढोंगीपणाचे ठरेल. तरीही ते मनातून जाईना, कारण ज्या कारखान्यात मी उमेदीची वर्षे घालवली तो बंद पडला होता आणि हातातली पुंजी किती दिवस पुरेल याचा हिशेब मी चालता चालताही करत होतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ असे प्रभूच्या प्रार्थनेत लहानपणापासून म्हणत आलो. त्यात मागणे आजच्यापुरतेच आहे, म्हातारपणापर्यंतच्या तरतुदीचे नाही, हे त्या रस्त्यावर चांगलेच टोचले.

म्हापशाच्या पुढे एका कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, पायरीवर गटातल्या एक वयस्क आत्या टाचेवरच्या फोडातून सुईने दोरा ओवत होत्या. पाणी झिरपत राहावे म्हणून दोरा आतच ठेवून त्यांनी दोन्ही टोके कापली आणि वर पट्टी बांधली. नवस कसला, असे मी विचारले. नवस नाही, त्या म्हणाल्या. मुलाच्या आजारपणात सायबाकडे, म्हणजे संत झेवियरकडे, पुष्कळ मागितले, मुलगा राहिला नाही, पण ज्याच्या भरवशावर मागितले तो देव काही सुटला नाही, म्हणून येते.

बायबलमधल्या प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, तेव्हा त्याला मिळालेले उत्तर ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच होते. काटा निघाल्याचा उल्लेख कुठेच नाही. आणि ज्यांच्या दर्शनाला आम्ही निघालो होतो त्या झेवियर यांचे तरी काय झाले? १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला हा माणूस १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगछुआन बेटावर, मुख्य भूमीवर पोहोचवणाऱ्या गलबताची वाट पाहत तापाने गेला. त्यांची शेवटची मोहीम पार पडलीच नाही, आणि यश मिळावे म्हणून आपण नवस बोलतो ते त्यांनाच! मला यात विसंगती वाटत नाही. रोमकरांस पत्रात पौल ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील असे विचारतो, तेव्हा त्याच्या यादीत क्लेश, छळ, तलवार यांच्याबरोबर उपासमारही आहे. ती येणारच नाही असे वचन तो देत नाही, आली तरी ती आपल्याला त्या प्रीतीपासून तोडू शकत नाही असे सांगतो. विश्वासाला मिळालेली सुरक्षितता ती हीच, आणि तिच्यात उणे काही नाही, असे मला आता वाटते; पूर्वी मी तिला विम्यासारखी समजत असे.

पणजीहून रायबंदरकडे जाणाऱ्या, १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या लांब बांधावरून आम्ही पहाटे चाललो आणि मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळेला बॉम जेझस बॅसिलिकापाशी पोहोचलो. आत संगमरवरी समाधीवर उंच ठेवलेल्या, झेवियर यांचे पार्थिव असलेल्या चांदीच्या पेटीकडे पाहत मी नोकरीसाठी प्रार्थना केली, कारण मागू नये असे कोणीही सांगितलेले नाही. तशी नोकरी अजून मिळालेली नाही. सध्या मेव्हण्याच्या दुकानात बसतो आणि रात्री हिशेबाची वही पूर्वीइतक्याच काळजीपूर्वक लिहितो. मात्र बाकी किती निघते यावर आता माझी झोप अवलंबून नसते.