चादरीचा कोपरा

हल्ली चादरी खोचायला पुरत नाहीत. इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटातल्या, म्हणजे इथल्या कापडबाजारातल्या, दुकानदाराला मी हे दर खेपेला ऐकवते आणि तोही दर खेपेला तेच सांगतो, "मांजी, डबल बेड का साइज यही आता है." येत असेल. पण हिशोब करून बघा. पलंग 78 इंच लांब. वर 8 इंच जाडीची फोमची गादी. दोन्हीकडची जाडी धरली की 94 झाले. 100 इंची चादरीतले उरले सहा, म्हणजे उशाकडे तीन आणि पायथ्याकडे तीन. तीन इंचांत काय खोचणार, कपाळ? रुंदीचं तर बोलायलाच नको. 72 आणि 16 मिळून 88, आणि चादर 90 ची. माझ्या लग्नातल्या गाद्या पिंजाऱ्याने भरलेल्या, चपट्या होत्या. तेव्हा ही चादर ऐसपैस वाटायची.

मुलगा म्हणतो, इलॅस्टिकवाली घे ना. घेतली. ती चार कोपऱ्यांना धरून बसते आणि मधे गोळा होते. नेमकं जिथे माणूस झोपतो तिथे. मी नर्स; आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात असली चादर कुणी घातली असती तर सिस्टरनी ती ओढून काढून हातात दिली असती. एक शब्द न बोलता.

1985 साली मी जनरल नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेले, इंदुरातच. एमवाय हॉस्पिटलच्या सात मजली इमारतीकडे बघत आम्ही मोठे झालो, पण तिथे काम करायचं ते डॉक्टरांनी, असा घरात समज. नर्स म्हटल्यावर आत्याने रामबागेतल्या वाड्यात दुपारभर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "रात्रपाळी करणाऱ्या मुलीला कोण करून घेणार?" बाबांनी उत्तर दिलं नाही, फॉर्मवर सही केली. आत्याचा प्रश्न पुढे आपोआप सुटला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मला इंजेक्शन द्यायचं होतं. सगळ्याच मुलींना द्यायचं होतं. काचेची सिरिंज, उकळत्या पाण्यातून चिमट्याने उचललेली सुई, सगळं कसं पराक्रमाचं. आणि शिकवायला सुरुवात झाली ती अंथरूण घालण्यापासून. आमच्या घरी रोज रात्री गाद्या जमिनीवर पडायच्या आणि सकाळी गुंडाळून कोनाड्यात जायच्या. त्यात शिकायचं काय असतं, हेच कळेना. इथे मात्र त्याचे प्रकार निघाले. रिकाम्या खाटेचा क्लोज्ड बेड वेगळा, रोगी येणार असला तर ओपन बेड वेगळा, ऑपरेशनहून येणाऱ्याचा वेगळा, हृदयविकाराचा वेगळा, हाड मोडलेल्याचा वेगळा. तोंडी परीक्षेत धडाधड विचारायचे.

सिस्टर ट्यूटर केरळच्या होत्या. त्यांची हिंदी इंदूरच्या हिंदीला कुठेच भेटायची नाही, पण हात बोलायचे. वर्गात एक बाहुली होती, माणसाएवढी. एक हात खांद्यातून निखळायचा. तिला आम्ही गंगूबाई म्हणायचो. गंगूबाईला कुशीवर वळवून, तिच्या पाठीमागे मळकी चादर लांबट गुंडाळून, तिच्या जागी स्वच्छ चादर अर्धी पसरून, मग तिला त्या उंचवट्यावरून अलगद दुसऱ्या कुशीवर आणून उरलेली अर्धी ओढून घ्यायची. रोग्याला खाटेवरून न उठवता चादर बदलते ती अशी. पहिल्या दिवशी गंगूबाईचा हात आमच्या अंगावर पडला आणि अख्खा वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इसको दर्द नहीं होता, इसलिए हँस रहे हो."

कोपरा घालायला मात्र मला मनापासून आवडायला लागलं. सांगून कळत नाही, तरी सांगते. आधी पायथ्याची चादर गादीखाली घट्ट खोचायची. मग कोपऱ्यापासून हातभर अंतरावर कडेची चादर उचलून गादीवर तिरकी ठेवायची, म्हणजे त्रिकोण होतो. खाली लोंबणारा तुकडा आत खोचायचा. आता तो त्रिकोण खाली सोडायचा आणि त्यालाही आत घालायचं. नीट झालं तर पंचेचाळीस अंशांची रेघ दिसते, तळहाताने दाबून धारदार केल्यासारखी. आणि चादर हलत नाही. रोगी रात्रभर तळमळला तरी हलत नाही. लोखंडी खाटेच्या पट्ट्यांवर बोटांची सालं निघायची. वर रबरी मॅकिंटॉश, म्हणजे गादी भिजू नये म्हणून घालायचं कापड, त्यावर ड्रॉ शीट, म्हणजे रोग्याच्या कमरेखालची आडवी चादर, तीही दोन्हीकडून ताणून. चादर झटकायची नाही, धूळ आणि जंतू वॉर्डभर उडतात. मळलेली चादर छातीशी धरायची नाही. अभ्र्याचं उघडं तोंड दरवाजाच्या उलट्या बाजूला. यातलं शेवटचं कशासाठी, ते मी विचारलं नाही. दिसायला बरं, इतकंच कारण असावं.

होस्टेलमध्ये आमच्याही खाटा तशाच लागत आणि तपासल्या जात. डोळे उघडत नसताना कोपरे कोण घालणार? म्हणून आम्ही अंथरूण एकदा घालून ठेवायचो आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपायचो. वॉर्डनबाईंना हे माहीत होतं, असा मला दाट संशय आहे.

एवढा अट्टाहास कशासाठी, ते वॉर्डात गेल्यावर कळलं. माणूस आजारी होऊन पडून राहिला की माकडहाडाशी, टाचांशी, कोपरांशी, खांद्याच्या पात्यांशी, डोक्याच्या मागे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. रक्त पोचत नाही. आधी लाल डाग पडतो, बोटाने दाबला तरी पांढरा न होणारा. तो दिसला की समजायचं, वेळ निघून चालली आहे. त्यावर ओलसर चादरीची एखादी जाड सुरकुती आली की कातडी सुटायला वेळ लागत नाही. शय्याव्रण एकदा झाला की महिनोन्‌महिने पुरतो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीवर ठेवून अधांतरी सोडायच्या. आम्ही तेव्हा स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायचो, लाल झालेली जागा तर जरा जास्तच. आता ती जागा चोळू नका असं शिकवतात, खालची नाजूक रक्तवाहिनी आणखी दुखावते म्हणून. हवेच्या गोल उशीचंही तसंच, ती आता निषिद्ध. बदललं ते बरं झालं. सुरकुती मात्र तेव्हाही वाईट होती, आजही आहे.

नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई म्हटलं की लोकांना त्यांच्या हातातला दिवा आठवतो. आम्हाला दरवर्षी 12 मेला, त्यांच्या जन्मदिवशी, मेणबत्त्या हातात देऊन उभं करायचे. पण 1859 साली बाईंनी आपल्या पुस्तकात अंथरुणाविषयी अख्खं एक प्रकरण लिहिलं, ते कुणी सांगत नाही. त्यांचं म्हणणं, रोग्याची तगमग तापामुळे आहे असं आपण धरून चालतो, पण दहातल्या नऊ वेळा ती अंथरुणामुळे असते. खाट भिंतीला चिकटवायची नाही, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. आणि खिडकीतून बाहेर दिसलं पाहिजे. मला हे वाचून इतकं हायसं वाटलं! या बाईने स्वतः चादरी ताणल्या असणार.

चादरीवरून एक गृहस्थ आठवतात. पुरुषांच्या वॉर्डात पोटाच्या ऑपरेशनला आलेले, साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आयुष्य गेलेले मिल कामगार. मी त्यांची चादर बदलून गेले की ते तिची कड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायचे, डोळ्यांजवळ नेऊन सूत बघायचे. मग म्हणायचे, "सिस्टर, ये अपनी मिल का माल नी है." रोज. नवी चादर आली तरी तेच. एकदा मी मुद्दाम विचारलं, अपनी मिल का माल कैसा होता है? तर हाताची घडी घालून म्हणाले, "हाथ रखो तो हाथ पूछे, भई कहाँ रखा." त्यांना डिस्चार्ज मिळाला त्या आठवड्यात अनंत चतुर्दशी होती. टाके कालच काढलेले, आणि घरी आराम करायचा सोडून त्यांनी विचारलं काय, तर रात्री झांकी, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला उभं राहिलं तर चालेल का. त्यांच्या मिलची झांकी होती. डॉक्टर नाही म्हणाले. ते गेले असणार.

मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, स्वदेशी, सगळ्या आता भिंती नाहीतर चौकांची नावं. हुकुमचंद तर 1991 लाच बंद पडली, आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडलं. झांक्या मात्र त्या मधल्या वर्षांतही निघत राहिल्या. पैशांच्या निकालाची ती बातमी पेपरात वाचली तेव्हा मी ती कड चोळणारी बोटं आठवत बसले होते.

लग्न होऊन सासरी आले, लोकमान्य नगरात. सकाळी सवयीने सगळ्यांचे पलंग आवरले, कोपऱ्यांसकट. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझी चादर उचकटायला पक्कड आणावी लागेल." आमचे हे तर पहिल्या रात्रीच ओरडले होते, पांघरूण इतकं खोचलेलं की पाकिटात घातल्यासारखे पाय आत अडकले. त्याचंही शास्त्र आहे, पायथ्याशी पांघरुणाला मुद्दाम एक सैल चुणी ठेवायची असते, पावलं ताठ राहायला जागा हवी म्हणून. तेव्हापासून ती चुणी आमच्या घरात न चुकता असते. सासूबाई शेवटचे महिने अंथरुणावर होत्या. पक्कड हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट शेजारणी आल्या की पांघरूण बाजूला करून चादर दाखवायच्या, "बघा, आमच्या सूनबाईचं काम." मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

बाकी नोकरीतलं कौतुक कधी झालं ते इंजेक्शनचं झालं. "सिस्टर, तुमचं दुखत नाही." चादरीचं कुणी म्हटलं नाही. साहजिक आहे, ज्याला सुरकुती टोचली नाही तो कशाला सांगेल?

सध्या आमच्या मजल्यावरच्या आजींचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालंय. घरी सून नोकरीवर, मुलगा दौऱ्यावर, आणि सगळं बघतो तो कॉलेजातला नातू. परवा बोलवायला आला, "काकू, आजीच्या पाठीला लाल झालंय, बघता का?" बघितलं. दाबल्यावर पांढरं होत होतं, म्हणजे वेळेत होतं. खाट भिंतीपासून ओढली, फरफटत सरकवायचं नाही हे सांगितलं, दोन तासांचा गजर लावायला लावला, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी कशी ठेवायची ते दाखवलं. पोरगा हुशार. कोपरा त्याला दुसऱ्या खेपेला जमला, आणि मला म्हणतो, काकू, चादर छोटी पडतेय. मी म्हटलं, शंभर इंची आहे ना? एमटी मार्केटात जाऊन भांड त्यांच्याशी, माझं वय झालं.

आता राहिलं ते माणूस खाटेवर असताना चादर बदलणं. ते आजींवर शिकवायचं नाही, आधी दुसऱ्या कुणावर तरी हात बसला पाहिजे. उद्या सकाळी ये म्हटलंय. पण गंगूबाई कुठून आणायची? ह्यांना विचारलं तर पेपर खाली न करता म्हणाले, "मला अजून उठून बसता येतं." बघू. चहा दिल्यावर पुन्हा विचारते.