तंबोरा कुणाच्या हातचा? आमची वाटचाल

मिरजेत जुना तंबोरा विकायला निघाला की तो हमखास इथले आद्य कारागीर फरीदसाहेब यांच्या हातचा असतो आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब त्यावर गायलेले असतात. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या नावावर आजवर खपले तेवढे तंबोरे त्यांनी डोळ्यांनी तरी पाहिले असतील की नाही, शंकाच आहे.

अब्बांचं काम तंबोरे करायचं आणि जवारी काढायचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सूर खुलेल अशी घासून बेतायचं. "हा कुणी केलाय हो?" असं विचारत लोक यायचे, अब्बा दांडीवरून अंगठा फिरवून सांगायचे आणि वर चहा पाजायचे. या कामाचे पैसे घ्यायला मी सुरुवात केली. गल्ली हसली.

पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक म्हणजे धारवाडच्या एक गायनशिक्षिका. बाईंच्या आजीचा तंबोरा. सासरचे सगळे तो लखनौचा म्हणायचे. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, घोडीखाली दबली होती, उघडावीच लागली. सांध्याला गरम ओलं फडकं धरलं, पातळ सुरी सरकवली आणि जुना सरस अलगद सुटला. आत तबलीच्या पाठीवर पटाशीच्या आडव्या खुणा, कानस कुठेच लावलेली नाही, आणि कडेला शिसपेन्सिलीने लिहिलेले मापाचे आकडे, मोडी वळणाचे. अब्बांनी पटाशीचा हात ओळखला. आमच्या मागच्याच बोळातलं घर! बाईंना त्याचं फारसं काही नव्हतं, त्यांना जवारी हवी होती. पण तेव्हापासून त्या सगळ्या शिष्यांना आमच्याकडेच धाडतात, आणि घोडी पसंत पडली नाही की तंबोराही परत धाडतात.

जाता जाता सांगतो, जुनं वाद्य दाखवायला आणताना आधी पॉलिश करू नका. चपड्याचा जुना थर गेला की अर्धा पुरावा गेला. लेबल सोलू नका. आणि प्रवासात तारा उतरवून ठेवा, हे तरी किती वेळा सांगायचं!

मग तो व्यापारी आला. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्याच्याकडून भारी किमतीला घेतलेला 'संस्थानी' तंबोरा एक गृहस्थ तपासायला घेऊन आले. नक्षी हस्तिदंताची म्हणून सांगितलेली. मागच्या बाजूला तापलेली सुई टेकवली तर कापराचा वास; म्हणजे सेल्युलॉइड. (घरी करू नका, पेटतं.) तबली फेव्हिकॉलने बसवलेली. फेव्हिकॉल १९५९चं, पण तेवढ्यावरून कुणाला खोटं पाडता येत नाही, दुरुस्ती नंतरचीही असू शकते. खरी गंमत लेबलात होती: 'संस्थान मिरज, जि. सांगली'. संस्थान १९४८ साली विलीन झालं. त्यानंतर आमचा जिल्हा दक्षिण सातारा. त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. संस्थान आणि सांगली जिल्हा एका लेबलावर येतीलच कसे? छापणाऱ्याने कागद चहात बुडवून पिवळा केला, पत्ता मात्र आजचा घातला.

मी तसं लिहून दिलं. गृहस्थांना पैसे परत मिळाले आणि आमचं काम बंद पडलं. "हे पोरगं वाद्यं फोडून बघतं" असं त्या व्यापाऱ्याने पुण्या-मुंबईच्या दुकानांतून पसरवलं. दुकानांची दुरुस्ती यायची थांबली. कारागीर दुसरीकडे गेले. त्यांना दोष नाही, त्यांनाही घर होतं. राखून ठेवलेलं तुनाचं लाकूड विकलं. मंगळवेढ्याकडचे भोपळे आणणाऱ्याने मात्र उधारी मागितली नाही. बाईंनी शिष्यांचे तंबोरे एकामागून एक पाठवले. त्यातल्या काहींना काही झालेलंच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यावर चूल पेटती राहिली.

पुढची वर्षं बरी गेली.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमान आहेच. पण त्या आनंदात पेढे वाटायला पुढे कोण, तर तोच व्यापारी! मी पेढा घेतला नाही. मानांकन नव्या वाद्यांना उपयोगी. जुन्यांच्या लेबलांना अजून कुणी वाली नाही.

आता आमच्या कागदावर तीन रकाने असतात: मूळ काय, बदललेलं काय, सांगता येत नाही ते काय. तिसरा रकाना बहुतेक वेळा सगळ्यांत लांब निघतो. गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून विचारतं, "मग पैसे कमी करा ना?" करत नाही.