मिहिंतले: आईबरोबर चढलेल्या पायऱ्या

पहिल्या दिवशी आम्ही भलत्या वेळी गेलो, ते आधी सांगते, म्हणजे तुमचा तरी दिवस वाचेल. श्रीलंकेत अनुराधापुरात सकाळी बोधिवृक्षाचं दर्शन झालं, जेवणं झाली आणि हातात अर्धा दिवस उरला. तेवढ्यात जवळचा मिहिंतलेचा डोंगर उरकून घेऊ म्हणून आम्ही भर दुपारी टुकटुक केली. चालकाने थेट वरच्या वाहनतळावर नेऊन सोडलं. अंबस्थल स्तूपाच्या चौकाबाहेर चपला काढल्या, तिकीट घेतलं. आईने दगडावर पाऊल टेकवलं आणि तसंच उचलून घेतलं. महिना फेब्रुवारीचा, पण कातळ तापलेल्या तव्यासारखा. तरी तिने नेटाने वीसेक पावलं टाकली आणि एका झाडाच्या सावलीत बसली. तळव्याला फोड आला होता. समोर पन्नास हातांवर स्तूप, आणि आम्ही तिथूनच हात जोडून परत फिरलो.

संध्याकाळी आई एवढंच म्हणाली, "एवढ्या दूर आलो आणि उरकायला गेलो, हेच चुकलं बाई." त्याच रात्री आम्ही अनुराधापुरातली खोली सोडली आणि मिहिंतले गावात मुक्कामाला आलो. माझं पहिलं सांगणं हेच. अनुराधापुराला जोडून अर्ध्या दिवसात हा डोंगर उरकू नका. अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर असलं तरी रात्रीची वस्ती डोंगराच्या पायथ्याशी करा. साध्या, घरगुती खोल्या मिळतात आणि पहाटे पाच वाजता पायरीशी उभं राहता येतं.

या डोंगराचा एवढा हट्ट का, तेही सांगते. आम्ही नागपूरचे. आमच्या वस्तीत महेंद्र आणि संघमित्रा ही नावं घरोघरी. माझ्या वर्गातच तीन महेंद्र होते. सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र, म्हणजे थेर (ज्येष्ठ भिक्खू) महिंद, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ज्या डोंगरावर लंकेच्या राजाला भेटला, तो हा डोंगर. जुनं नाव मिस्सक पर्वत. मिहिंतले हे नाव महिंदावरूनच आलं. आणि महिंद एकटाच निघाला नव्हता. पाटलिपुत्राच्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धर्मसभेनंतर, मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी चहूकडे भिक्खू पाठवले, त्यांची यादी महावंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात, आहे. महिंद लंकेला, महाधम्मरक्खित महारट्ठात, म्हणजे आपल्याकडे, आणि धम्मरक्खित अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याला सापडलेला आहे, तेव्हा धम्माची ती वाट आपल्या दारावरूनही गेली होती. आपल्याकडे तो धागा मध्येच तुटला, लंकेत टिकला. बाबासाहेब १९५० मध्ये कँडीच्या बौद्ध परिषदेला आले होते, हे आईला पाठ. तिच्या दृष्टीने ही सहल नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खालून निघालो. वाहनतळावरून गेलं तर निम्म्याहून जास्त चढ वाचतो आणि गुडघेदुखीवाल्यांनी खुशाल तसं जावं. आईलाही मी तेच सुचवलं होतं, पण तिने ऐकलं नाही, आणि बरं झालं. एकूण पायऱ्या १८४० सांगतात. आकडा ऐकून छाती दडपते, प्रत्यक्षात चढ सौम्य आहे. पायऱ्या दगडी, चांगल्याच रुंद आणि उंचीला कमी. जिन्यासारखं गुडघ्यावर येत नाही. दोन्ही अंगांना देवचाफ्याची जुनी झाडं आहेत, तिथे त्याला अरलिया म्हणतात. अंधारात ती दिसत नव्हती, पण वास येत होता आणि पायाखाली फुलं लागत होती. धडधाकट माणूस अर्ध्या-पाऊण तासात वर पोचतो, आम्हाला दीड तास लागला. दर टप्प्यावर बसत गेलो. बॅटरी जवळ ठेवा. पाण्याची बाटली आणि थोडी साखर किंवा गूळ खालूनच घ्या.

वाटेतले अवशेष जाताना बघत बसू नका. उजवीकडे कंटक चैत्य नावाच्या जुन्या स्तूपाकडे फाटा फुटतो, मधल्या पठारावर भोजनशाळा आहे, मोह होतो. पण वरचा चौक अनवाणी फिरायचा असतो आणि साधारण नऊनंतर कातळ तापायला लागतो. खालच्या अवशेषांत बहुतेक ठिकाणी पायात चप्पल चालते. म्हणून आधी सरळ वर जायचं, थंड दगडावर सगळं बघून घ्यायचं आणि उतरताना सावकाश बाकीचं. शक्य असेल तर जाड मोजे पिशवीत टाका. मोज्यांना कुणी हरकत घेतली नाही.

अंबस्थल म्हणजे आंब्याची जागा. राजा देवानंपिय तिस्स हरणामागे धावत इथवर आला, तेव्हा कुणीतरी त्याला नुसत्या नावाने हाक मारली, "तिस्स!" राजाला असं कोण बोलावणार? समोर काषाय वस्त्रातला महिंद. तो म्हणाला, आम्ही श्रमण, तुझ्याविषयीच्या अनुकंपेने जंबुद्वीपातून इथे आलो. मग त्याने राजाची समज पारखली. या झाडाला काय म्हणतात? आंबा. याच्याखेरीज दुसरे आंबे आहेत? पुष्कळ. या आंब्याखेरीज आणि त्या आंब्यांखेरीज आणखी झाडं? आहेत, पण ती आंब्याची नाहीत. मग ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडं सोडून काय राहिलं? राजा म्हणाला, हे आंब्याचं झाड. महिंदाची खात्री पटली आणि त्याने उपदेशाला सुरुवात केली. ही गोष्ट मी लहानपणी आईकडून ऐकली होती. आता ती तिने मला त्याच जागी, स्तूपाभोवतीच्या उंच दगडी खांबांशी टेकून पुन्हा सांगितली. मधला एक प्रश्न विसरली, तो मी भरला.

साडेसहाच्या सुमारास पांढऱ्या कपड्यांतल्या आठ-दहा बायका चढून आल्या. कुठल्याशा खेड्यातून आलेल्या, हातांत कमळं आणि तेलाच्या छोट्या पणत्या. आईही पांढऱ्या साडीत होती, आपल्याकडे विहारात नेसतो तशी. त्यांनी तिला आपल्यातलीच समजून सिंहलीत काहीतरी विचारलं. आई हसली, मान हलवली. मग त्या बसल्या आणि सुरू झालं, "नमो तस्स भगवतो..." त्यांच्या तोंडी महाप्राण उमटत नाहीत, त्यामुळे भगवतो 'बगवतो' होतं आणि गच्छामि 'गच्चामि'. चालही वेगळी, आपल्यापेक्षा संथ. पहिल्या ओळीला आई थबकली, दुसऱ्या ओळीला तिचा सूर मिळाला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. फुलं वाहताना त्यांनी "वण्णगन्धगुणोपेतं" धरलं आणि ती गाथा आईने शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर म्हटली, एकही शब्द न चुकता. एका म्हाताऱ्या बाईने तिच्याकडे वळून बघितलं, आपल्या ओंजळीतली दोन कमळं आईच्या हातात दिली आणि सरकून शेजारी जागा केली. शेवटी सगळ्याजणी तीनदा "साधु" म्हणाल्या. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती. तरी त्या नंतर बराच वेळ हाताला धरून बसल्या होत्या. मी फोटो काढला नाही.

तुम्हाला वंदना येत असेल तर तिथे म्हणायला संकोचू नका. येत नसेल तर बाजूला शांत बसा, कुणी उठवत नाही. कपडे मात्र जपून. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, रंग शक्यतो पांढरा किंवा फिका, डोक्यावर टोपी नको. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणं तिथे अपमान मानतात, आणि ते खरोखर मनाला लावून घेतात. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर ते झाकूनच फिरा. या देशात त्यावरून मोठी अडचण होते.

चौकातून तीन वाटा फुटतात. एक आराधना गल नावाच्या सुळक्यावर. कातळात खोदलेल्या खोबण्या आणि लोखंडी कठडा आहे, वारा जोराचा असतो. श्रामणेर सुमनाने इथून धम्मश्रवणाची हाक दिली अशी श्रद्धा. आई खाली थांबली, मी गेले. माणसं वाढली की चढणारे-उतरणारे एकाच अरुंद जागेत अडकतात, म्हणून इथे सगळ्यात आधी जा. दुसरी वाट महासेयाकडे, मोठा पांढराशुभ्र स्तूप. बुद्धांचा केशधातू त्यात आहे असं मानतात. तिथल्या कट्ट्यावरून पश्चिमेला जंगलाच्या सपाटीवर अनुराधापुरातले स्तूप दिसले, आधी रुवनवेलिसाय. तिसरी वाट उताराची, महिंदाच्या गुहेची, आणि माझ्या मते डोंगरावरची सर्वांत मोलाची. दोन प्रचंड शिळांच्या बेचक्यात दगडाचा एक सपाट ओटा, माणूस आडवा होईल एवढा. भिंत नाही, दार नाही, समोर नुसतं रान. राजपुत्र इथे झोपत असे. महिंद पुन्हा मायदेशी गेला नाही. याच डोंगरावर वर्षावासात त्याने देह ठेवला. वाट थोडी खडबडीत आहे आणि अनवाणीच जावी लागते, तरी चुकवू नका. आईला तिथवर नेताना पंधरा मिनिटं लागली आणि परत येताना अर्धा तास.

माकडं आहेत. हातातली फळं तर नेतातच, वाहिलेली कमळंही खातात. पिशवीची चेन लावून ठेवा.

उतरताना भोजनशाळेत थांबा. भिक्खूंच्या जेवणाच्या दोन लांबलचक दगडी डोण्या आहेत, एक भाताची, एक पेजेची. आई हात लावून म्हणाली, किती जण जेवत असतील गं. जवळच चौथ्या महिंद राजाचे दहाव्या शतकातले दोन मोठे शिलालेख उभे आहेत. विहाराचा कारभार कसा चालावा, चाकरीतल्या लोकांना काय मिळावं, ते त्यांत लिहिलं आहे. सिंह पोकुण नावाचं टाकं थोडं खाली आहे, मागच्या पायांवर उभा असलेला दगडी सिंह आणि त्याच्या तोंडातून पाणी पडायची सोय. कंटक चैत्याच्या कोरीव दगडी दर्शनी भागांवरचे हत्ती आणि बुटके गण बघायला अर्धा तास काढा. आपली लेणी बघितलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील.

पायथ्याशी रुग्णालयाचे अवशेष आहेत. अंगणाभोवती छोट्या खोल्या, आणि माणसाच्या आकृतीची कोरलेली दगडी द्रोणी. तीत औषधी तेल किंवा काढा भरून रुग्णाला झोपवत. डोक्याची, खांद्याची, पायांची जागा इतकी नेमकी कोरली आहे की आत झोपलेला माणूस डोळ्यांसमोर येतो.

आता प्रवासाचं. मुंबईहून आणि चेन्नईहून कोलंबोला थेट विमानं आहेत. प्रवासाची ऑनलाइन परवानगी लागते, नियम बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. कोलंबो फोर्ट स्टेशनवरून जाफनाकडे जाणाऱ्या गाड्या अनुराधापूरला थांबतात, प्रवास चार-पाच तासांचा. आरक्षण आधी करा. अनुराधापूरच्या नव्या बसस्थानकावरून मिहिंतलेला दिवसभर बस असतात, अर्धा तास लागतो. मिहिंतलेच्या वरच्या चौकाचं तिकीट वेगळं, अनुराधापूरचं तिथे चालत नाही. पासपोर्ट जवळ ठेवा. अनुराधापूरच्या तिकिटाला सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे का, ते खिडकीवर जरूर विचारा.

पोसोन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या ज्येष्ठ पौर्णिमेला, महिंदाच्या आगमनाचा उत्सव असतो. लाखो लोक येतात, रस्तोरस्ती फुकट जेवणाचे दानसल लागतात. आपल्याकडे १४ एप्रिलला आणि दीक्षाभूमीवर लोक पंगती घालतात, त्याच भावनेने. तो सोहळा बघावाच, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन नव्हे. उन्हाळा, गर्दी, आणि खोली मिळणं मुश्कील. शांतपणा हवा तर फेब्रुवारी चांगला. पाऊस नुकताच सरलेला असतो आणि तळी भरलेली असतात.

न्याहारीला कोल केंद मागा, पालेभाजीच्या रसातली हिरवी तांदळाची पेज, सोबत गुळाचा खडा. आईने दोन वाट्या घेतल्या. ती डोणी पेजेचीच होती ना, असं तिने मध्येच विचारलं.

दुपार कलल्यावर आम्ही कलुदिय पोकुणाला गेलो, डोंगराच्या पश्चिम पायथ्याचं काळ्या पाण्याचं तळं. फारसं कुणी तिकडे जात नाही. काठावर गुहा आणि जुन्या बांधकामांचे चौथरे, पाण्यात डोंगराची सावली. आईने फोडावर मलम लावलं आणि पाय लांब करून बसली. सकाळची दोन कमळं तिने वर वाहिली नव्हती, रुमालात गुंडाळून आणली होती. ती तिने पाण्यात सोडली. तिथे अंधार पडेपर्यंत थांबू नका, आजूबाजूचं रान हत्तींचं आहे असं गावकऱ्यांनी आम्हाला बजावलं होतं. आम्ही साडेपाचला उठलो.