रस्ता नऊ फूट चार इंच

२०२१ मध्ये गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीविना शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांच्या, फायलींसाठी मी घरं मोजत होतो. कायद्यात दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित होणार होती. त्यातला छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाई भागातल्या एका गल्लीतला दिवस विसरत नाही.

टेपचं टोक धरायला मावशी स्वतःच पुढं आल्या. "घ्या मोजून. शेजाऱ्याची इतभर जागा घेतली नाही आम्ही." वीस बाय तीस, बरोबर सहाशे फूट. अंबडकडची त्यांची मोसंबीची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात वाळली, झाडं सरपणाला गेली. मुलगा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडं लागला. त्या पगारात एनए, म्हणजे बिगरशेती मंजुरीचा, प्लॉट कुठून येणार? मग शेतमालकाकडून बॉण्डपेपरवर हा तुकडा घेतला.

१९९१ ते २०११ या वीस वर्षांत छत्रपती संभाजीनगर पावणेसहा लाखांवरून पावणेबारा लाखांवर गेलं. कारखान्यांना माणसं हवी होती. ती राहणार कुठं, हे कुणी ठरवलंच नाही. अशा लोकांना सरसकट अतिक्रमणवाले म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. पै-पै मोजून घेतलेली जागा आहे ही.

मग रस्ता मोजला. बॉण्डच्या मागच्या नकाशात वीस फुटी रस्ता आणि कोपऱ्यात मोकळी जागा. टेप भरला नऊ फूट चार इंच. मोकळ्या जागेत तीन घरं उभी.

तेवढ्यात टँकर आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबला. पाइपाला पाइप जोडून बायकांनी ड्रम भरले. मला पाण्याहून दुसरीच धास्ती वाटली: टँकर शिरत नाही तिथं आगीचा बंब कसा शिरणार?

"रस्ता किती लिवला?" मावशींनी विचारलं. मी सांगितलं.

"आन् आमचा वटा काढला तर?"

ओटा अडीच फूट बाहेर होता. समोरच्यांचाही तेवढाच. दोन्ही निघाले तर चौदा फुटांच्या वर जागा होत होती, पण एकट्यानं काढून भागणार नव्हतं. तसं म्हणालो.

मावशींनी पदर खोचला आणि समोरची कडी वाजवली. "ये बाई, बाहेर ये जरा. मोजणीवाले हायेत तवर बोलून घेऊ."

कच्च्या नकाशावर मी दोन्हीकडचे ओटे तुटक रेषेनं दाखवले आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून परत टेप धरला.