क्वेन्का, आल्बारासिन, तेरुएल: दगड, जिप्सम आणि वीट

माद्रिदहून तोलेदो आणि सेगोविया सगळेच करतात. पूर्वेकडे वळलं तर क्वेन्का, आल्बारासिन आणि तेरुएल ही तीन गावं एका वाटेवर लागतात. पहिलं चुनखडीच्या कड्यावर बसलेलं, दुसरं लाल जिप्समच्या गिलाव्याचं, तिसरं विटेचं. प्रत्येक ठिकाणी एक रात्र तरी हवी. गाडी हवीच, कारण क्वेन्काहून आल्बारासिनला बसने जायचं तर वळसा घेऊन तेरुएल गाठावं लागतं आणि तिथून पुढच्या बसच्या फेऱ्या अगदी मोजक्या आहेत. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. न सांगता बुक केलं तर बहुधा हाताच्या गिअरची गाडी मिळते, तेव्हा ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच ठरवा.

माद्रिद ते क्वेन्का अतिजलद रेल्वेने साधारण तासाभराचं अंतर. स्टेशन मात्र गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवर आहे, तिथून शहर बस किंवा टॅक्सी. जुनं गाव हूकार आणि ऊएकार या दोन नद्यांच्या घळींमधल्या अरुंद सुळक्यावर आहे. पसरायला जागा नाही, म्हणून घरं वर आणि खाली वाढली. आल्फोन्सो आठवा या रस्त्यावरून तीन-चार मजली दिसणारी घरं मागे घळीच्या बाजूने मोजली तर मजले दहाच्या आसपास जातात. प्रसिद्ध लटकती घरं म्हणजे त्याच तर्काचं टोक: लाकडी सज्जे कड्याबाहेर काढलेले. त्यांचा फोटो १९०२ च्या लोखंडी सान पाब्लो पुलावरून आणि सकाळी घ्या. दर्शनी बाजू ऊएकारकडे, म्हणजे पूर्वेला असल्याने दुपारनंतर ती सावलीत जाते. पुलाची फळी पायाखाली थरथरते. उंचीची भीती असेल तर खालच्या रस्त्यावरूनही दृश्य चांगलं आहे.

या घरांतच चित्रकार फर्नांदो सोबेल यांनी १९६६ मध्ये उभारलेलं स्पॅनिश अमूर्त कलेचं संग्रहालय आहे. छोटं आहे, पण या वाटेवरचं आतून पाहण्यासारखं सगळ्यात चांगलं ठिकाण हेच. सोमवार टाळा, त्या दिवशी या भागातली बरीच संग्रहालयं बंद असतात. कॅथेड्रलचा दर्शनी भाग अपुरा वाटतो, कारण तो खरंच अपुरा आहे: १९०२ मध्ये मनोरा कोसळला, मग नवा दर्शनी भाग बांधायला घेतला आणि तो अर्ध्यावर राहिला.

क्वेन्काहून डोंगरातल्या रस्त्याने आल्बारासिन शंभरेक किलोमीटर, पण दोन तासांपेक्षा कमी धरू नका. टाकी क्वेन्कातच भरा. वाटेत ‘मोहित नगरी’ हे शिळांचं रान आहे: वरचा थर कठीण आणि खालचा लवकर झिजणारा असल्याने खडकांच्या छत्र्या झाल्या आहेत. तिकीट काढून तीनेक किलोमीटरची फेरी मारायची, दीड तास पुरतो. पुढे फ्रियास दे आल्बारासिनजवळ ताहो नदीचा उगम. हीच नदी हजारेक किलोमीटर वाहून लिस्बनला समुद्राला मिळते आणि गोव्याकडे निघालेली पोर्तुगीज जहाजं तिच्याच मुखातून बाहेर पडत. संध्याकाळी या रस्त्यावर हरणं आणि रानडुकरं आडवी येतात. अंधार पडायच्या आत पोहोचा.

आल्बारासिनमध्ये गाडी खालच्या पार्किंगला लावून चढायचं. चाकांची बॅग इथे कुचकामी, पाठीवरची घ्या. घरांचा गुलाबी-लाल रंग वरून दिलेला नाही. तो आसपासच्या खाणींतल्या लोहयुक्त जिप्समचा आहे. हे जिप्सम भाजून, कुटून केलेला गिलावा झटपट घट्ट होतो आणि वजनाला हलका असतो. त्यामुळे लाकडी सांगाड्यावर वरचे मजले गल्लीत पुढे काढता आले. काही गल्ल्यांत समोरासमोरच्या वळचणी जवळजवळ टेकतात. सिमेंट लावलं की ओल आत अडते आणि गिलावा फुगून सुटतो, म्हणून इथली सांता मारिया प्रतिष्ठान ही संस्था दुरुस्ती जुन्या पद्धतीने करते आणि कारागीरही तयार करते. कॅथेड्रल पाहायचं तर गाइडची फेरी आधी ठरवा. तटबंदीवरून आन्दादोर बुरुजापर्यंतची चढण सकाळी लवकर करा. दुपारी तिथे सावली नाही.

गावापासून चार-पाच किलोमीटरवर रोदेनोचं पाइनचं जंगल आणि लाल वाळूखडक. नावासो इथल्या खडकाच्या आडोशाला पांढऱ्या रंगातली बैलांची प्रागैतिहासिक चित्रं आहेत. ती पुसट आणि जाळीमागे आहेत, म्हणून दुर्बीण न्या.

तेरुएल अडतीस किलोमीटरवर. इथे पाहायची ती मुदेहार शैली. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राजवटीत मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतून आलेलं काम: वीट, तिच्यात बसवलेल्या हिरव्या-पांढऱ्या चकाकत्या फरश्या. ही बांधकामं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एल साल्व्हादोरच्या मनोऱ्यावर चढा. मनोऱ्याच्या आत दुसरा मनोरा आणि दोहोंच्या मधून जिना, ही मिनाराची रचना तिथेच समजते. कॅथेड्रलचं तेराव्या शतकातलं रंगीत लाकडी छत मात्र चुकवू नका. अठराव्या शतकात त्याखाली नवी कमान घातली गेली, त्या आडोशानेच ते टिकलं. दंतकथेतल्या ‘तेरुएलच्या प्रेमिकां’ची समाधी वेळ उरला तर.

शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. मसूरच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), भाजीत हामोन (डुकराचं खारवलेलं मांस), ‘मिश्र’ सॅलडमध्ये ट्यूना निघतो. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हटलं तर हामोन आणि ट्यूना राहून जातात, म्हणून ‘सिन हामोन, सिन आतून’ (हामोनशिवाय, ट्यूनाशिवाय) असं वेगळं सांगा. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया (जाड ऑम्लेट) बहुतेक ठिकाणी मिळते. जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं.

परतीला व्हॅलेन्सियाकडे ए-२३ हा टोल नसलेला महामार्ग घ्या, दीड तास. हिवाळ्यात हा भाग स्पेनमधल्या सर्वात थंड भागांत गणला जातो. तेरुएल प्रांतातल्याच कालामोचात १९६३ मध्ये उणे ३० अंश नोंदले गेले. डिसेंबर ते फेब्रुवारीत याच महामार्गावरच्या एस्कान्दोन घाटात बर्फ असू शकतो. गाडी घेतानाच चाकांच्या साखळ्या मागा, आणि रस्ता खुला आहे का ते निघायच्या सकाळी पाहा.