मनसरचे मँगनीज आणि समुद्रतळाचा हिस्सा

नागपूरकरांना मँगनीजचे अप्रूप नाही. मनसर, कांद्री, गुमगाव येथील खाणी जिल्ह्यातच आहेत आणि त्या चालवणाऱ्या ‘मॉईल’ या सरकारी कंपनीचे मुख्यालयही शहरातच आहे. जगाच्या साधनसंपत्तीच्या न्याय्य वाटपाविषयी वाचताना मला या कंपनीचा इतिहास हटकून आठवतो. मूळ ब्रिटिश कंपनीची मालमत्ता भारत सरकारने १९६२ मध्ये कराराने घेतली, पण ४९ टक्के भागभांडवल तिच्याकडेच राहिले आणि ते १९७७ मध्ये सरकारकडे आले.

त्याच १९६२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव १८०३ संमत करून नैसर्गिक संपत्तीवर त्या त्या जनतेचे आणि राष्ट्राचे कायम सार्वभौमत्व मान्य केले. राष्ट्रीयीकरण केल्यास योग्य भरपाई द्यावी, असेही त्यात नमूद केले. वसाहतवादातून सुटलेल्या देशांना त्याचा मोठा आधार मिळाला, हे निर्विवाद. मात्र व्यवहारात हा हक्क सरकारपाशीच थांबला. आपल्याकडे खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची, म्हणजे खाणचालकांच्या अंशदानातून चालणाऱ्या न्यासाची, तरतूद कायद्यात यायला २०१५ उजाडले. शिवाय ज्या देशाच्या भूमीत खनिजेच नाहीत, त्याच्या पदरात या तत्त्वाने काहीच पडत नाही.

ही उणीव भरून काढणारा विचार समुद्राच्या कायद्यात आला. माल्टाचे प्रतिनिधी आर्विड पार्डो यांनी १९६७ मध्ये आमसभेत मांडलेली कल्पना १९८२ च्या करारात उतरली आणि राष्ट्रीय हद्दीपलीकडचा समुद्रतळ, तेथील मँगनीजयुक्त खनिजगोळ्यांसह, अखिल मानवजातीचा सामाईक वारसा ठरला. लाभाच्या वाटपात विकसनशील देशांच्या गरजा विशेष लक्षात घ्याव्यात, असेही ठरले. मला हे तत्त्व सार्वभौमत्वाहून अधिक न्याय्य वाटते, आणि म्हणूनच श्रीमंत देशांना ते खुपले असावे. १९९४ च्या पूरक कराराने खाणकामाचे तंत्रज्ञान विकसनशील देशांना देण्याची सक्ती काढली, तरीही अमेरिका करारात आलीच नाही; एप्रिल २०२५ मध्ये तर तिच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वदेशी कायद्याच्या बळावर खोल समुद्रातील खाणकामाला गती देण्याचा आदेश काढला.

भारताची भूमिका येथे अवघड आहे. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजगोळ्यांचे अन्वेषण करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणजे आपण वाटा मागणाऱ्यांत आहोत आणि उपसणाऱ्यांच्या रांगेतही. अशा वेळी लाभवाटपाचे सूत्र उत्खननाआधी ठरावे, हा आग्रह या खाणकामाचे नियमन करणाऱ्या जमैकातील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणात भारतानेच धरावा आणि स्वतःचे उत्खननही तोवर रोखून धरावे, असे माझे मत आहे.