तुम्ही विचारलंत म्हणून : दिवाळीत फराळ खाता का?

साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडाच्या पहिल्या दरवाज्यापाशी दम खायला थांबलं, की दिवाळीच्या तोंडावर कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, दिवाळीत कसं सांभाळता हो? फराळाला हात लावता की नाही?"

लावते. आईच्या हातची चकली पुढ्यात आल्यावर नको म्हणणं मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही. पण फराळ आमच्याकडे नाश्त्याला असतो, नाश्त्यानंतर नसतो. एवढं एकच मी कटाक्षाने पाळते.

हे उमगलं ते आईमुळे. तिला साखर आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिची तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली तर बरीच वाढलेली निघाली. ती म्हणे, "मी जेवण तर नेहमीसारखंच जेवले गं." खरंच होतं ते. दोन भाकऱ्या, आमटी, भाजी, काही बदललं नव्हतं. पण डबे टेबलावर होते. पाणी प्यायला उठली की एक शंकरपाळी, शेजारीण आली की तिच्यासोबत अर्धा लाडू, फोनवर बोलताना मूठभर चिवडा. ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं. तेव्हापासून डबे माळ्यावर जातात. सकाळी एकदा काढायचे, ताटली भरायची, झाकण लावून परत वर. शिडी लावावी लागते, म्हणून येता-जाता हात जात नाही.

चिवडाही बदलला. पूर्वी आम्ही जाडे पोहे तळायचो. आता पातळ पोहे दुपारभर उन्हात ठेवते, मग मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत परतते. घाई केली तर आकसतात. तेल फक्त फोडणीपुरतं. ग्रॅमभर तेलात ९ कॅलरी, तेवढ्याच पिष्टमय पदार्थात सुमारे ४, त्यामुळे तळणीला फाटा दिला की मोठा फरक पडतो. चकली मात्र तळतेच. तेल नीट तापू देते, कारण कोमट तेलात ती तेल पिते आणि मऊही पडते.

भाऊबीजेला चार घरी जायचं म्हणजे चार ताटल्या. नको म्हटलं की माणसं दुखावतात. मी एक करंजी तिथेच खाते आणि म्हणते, "वहिनी, बाकीचं बांधून द्या, घरी सगळ्यांना होईल." वहिनीही खूश होतात.

चालणं मात्र मी सोडत नाही. नरकचतुर्दशीला तर अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठलेलेच असतो! त्या दिवशी मंगळाईच्या देवळापर्यंत चढून जाते. वरून खाली अजून पणत्या मिणमिणताना दिसतात. गडाची चढण शहरापासून सुमारे ३०० मीटरची, त्यामुळे पाऊण तास पाय चांगले बोलतात. आईला गड झेपत नाही, म्हणून रात्री जेवण झालं की आम्ही दोघी मंगळवार तळ्यापर्यंत जाऊन येतो. जेवणानंतर पाय चालू राहिले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. तिच्यासाठी ती वीस मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

गेल्या दिवाळीनंतरचा तिचा रिपोर्ट चांगला आला. यंदा पुण्याहून भाऊ येतोय. त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, पाडव्याला सकाळी सहाला बूट घालून दारात उभा राहा, फराळ गडावरून आल्यावर.